मागून शब्द देणारे दसारामजी

दसारामजी कधी माणसाच्या समोर उभे राहत नाहीत. ते मागे उभे राहतात, एक पाऊल सोडून, आणि आपण बोलता बोलता थांबलो की पुढचा शब्द हळूच सांगतात.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी एकदा संध्याकाळी किराणा दुकानात गेले. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरली होती. दुकानदाराला म्हटलं, "अर्धा पाव..." आणि श्वास घ्यायला थांबले. मागून आवाज आला, "हळद." दुकानदारानं हळद बांधून दिली. मला जिरं पाहिजे होतं. पण चार माणसांत नाही म्हणायचं तर मला घाम फुटतो, म्हणून हळद घेऊन घरी आले. असं कितीदा झालं. आमच्या घरी हळद सरत नाही आणि जिरं असत नाही.

त्यांनाही काय बोलावं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि त्या रात्री नाटक होते. दसारामजी सारी उमर त्या नाटकांचे प्रॉम्टर. पडद्याआड पोत्यावर बसायचं, पुस्तक मांडीवर घ्यायचं आणि नट अडकला की वाक्य द्यायचं. पार केशोरीपर्यंत त्यांना बोलावणं यायचं. तोंडाला रंग मात्र कधी लागला नाही.

नाटक सुटलं, सवय सुटली नाही. एका लग्नात नवरदेव नाव घ्यायला उभा राहिला आणि अडकला. तो पोरगा मंडईत नायक होत असे. मागून दसारामजींनी त्याला नाव दिलं, "मंदाकिनी." पोरानं सवयीनं खणखणीत आवाजात म्हटलं, "मंदाकिनीचं नाव घेतो." नवरीचं नाव ललिता. मंदाकिनी ही मागच्या साली नाटकात त्याची नायिका होती. नवरीच्या मामानं जेवणाचं पान सरकवलं, ते पुन्हा समोर ओढायला दोन गावचे म्हातारे लागले. दसारामजी म्हणाले, "आवाज बाकी झकास लागला पोराचा."

असा हा माणूस, तरी गावातली मोठी होत आलेली पोरं त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसतात. बाकी सगळे त्यांना उपदेश करतात. मास्तर करतात, मामा करतात, पानठेल्यावर बसलेला रिकामा माणूसही करतो. दसारामजी करत नाहीत. "उपदेश म्हंजे लांब वाक्य," ते म्हणतात. "लांब वाक्य कोनाले पाठ होते?" पोरगं गप्प बसलं की त्यांचं एकच म्हणणं, "तू तोंड उघड. शब्द माह्याजवळ आहे."

माझी रोशनी बारावी होऊन घरी बसली होती. पोरगी हुशार, पण माझ्यावर गेली. चार माणसं दिसली की जीभ टाळ्याला चिकटते. नागझिऱ्याच्या गेटवर गाईड घेणार असं कळलं. जंगल तिला घरासारखं माहीत, पण मुलाखतीत बोलून दाखवायचं होतं. तिचे बाबा सडक अर्जुनीच्या ढाब्यावर कामाला असतात. ते म्हणाले, "गेटवर लागली तं लागली. नाही तं पाहुने बलावतो, पोरगा पाहून ठेवला आहे." रोशनी उठून आत गेली. रात्री जेवली नाही. मला तरी कुठं बोलता आलं. मी तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसारामजी तिला गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घेऊन गेले. स्वतः तिच्या मागे बसले. "सांग, ते झाड कायचं?" रोशनी सांगायची, अडायची, ते शब्द द्यायचे. असं रोज चाललं. मी धुणं घेऊन खाली असायची. हळूहळू ते शब्द द्यायला उशीर करू लागले. एक दिवस दिलाच नाही. पोरगी चिडली.

"आबाजी, झोपून राहिले का? शब्द द्या ना."

"झोपलो नाही. श्वास घेऊन राहिलो," ते म्हणाले. "नट अडकला का प्रॉम्टरनं आधी एक श्वास घ्यावा. बहुत बार तेवढ्यात त्याले आठवते. घाईचा प्रॉम्टर नटाले मारते."

मला हळद आठवली. मी धुणं आपटत राहिले.

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. रोशनी आत गेली आणि दसारामजी सवयीनं खिडकीखाली जाऊन उभे राहिले. मीही त्यांच्याजवळ. झाडं झाली, पाखरं झाली. मग एका साहेबांनी विचारलं, "पाहुण्यांना वाघ दिसला नाही आणि ते रागावले, तर काय सांगशील?"

आत सगळं शांत. दसारामजींचे ओठ हलले. उत्तर त्यांच्याजवळ होतं, ते दिसत होतं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि त्याचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी आलं, पण बोळा काढला नाही.

मग रोशनीचा आवाज आला. "सायेब, आमी इथंच जनमलो, आमालेबी तो रोज नाही दिसत. मी म्हनीन, जंगल त्याचं आहे, तो आपल्या मर्जीनं येईन. तवरिक झाडं पाहा."

आतले हसले. दसारामजींनी बोळा काढला. "हे माह्याजवळ नव्हतं," ते म्हणाले.

रोशनी लागली. पोरगी पाहायला पाहुणे आले नाहीत. राहायचं गेटजवळच होतं. निघायच्या सकाळी ती त्यांच्या ओट्यासमोर वाकली आणि पाया पडली. घरात दसारामजी एकटेच, त्यांची बायको वारून कितीक साल झाले. नाटक संपल्यावर लोक नटांना हार घालत, पडद्यामागं कोणी येत नसे. त्यांच्या पाया कोणी पडल्याचं मला आठवत नाही. बहुतेक त्यांनाही आठवत नसावं.

त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पोरगी वाकलेलीच. त्यांनी मान थोडी मागं वळवली, जसा अडकलेला नट वळवतो.

मागं मी उभी होते, रोशनीचा डबा घेऊन. मी आधी एक श्वास घेतला. त्यांना आठवलं नाही. मग मी हळूच म्हटलं, "सुखी राय."

"सुखी राय," दसारामजी खणखणीत बोलले.

गाडी गेली. ते कितीतरी वेळ रस्त्याकडंच पाहत होते. मग माझ्याकडं न वळता म्हणाले, "रोशनीची माय, शब्द बराबर देला. पन दबून काऊन बोलतेस? थोडं जोऱ्यानं बोलत जाय."

"हो जी," मी म्हटलं. मग पुन्हा एकदा म्हटलं, जरा जोरानं.