ढब्बूच्या गाठीभोवतीचं निळं वर्तुळ

कुठल्याही गोष्टीची घाई करू नये, हे माझं तत्त्व आहे. (बायको याला आळस म्हणते. ऑफिसात यालाच अनुभव म्हणतात.) त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या कुत्र्याला, म्हणजे ढब्बूला, खाजवता खाजवता बरगडीपाशी बोराएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मी तोंड मिटून बसलो. बायकोचा त्याच्यावर एवढा जीव, की तो शिंकला तरी ती रजा टाकते. 'गाठ' म्हटल्यावर तिचं काय झालं असतं?

आधी आठवडाभर बघू, वाढली तर सांगू, असं ठरवलं. पण वाढली हे कळणार कसं? मग मी डोकं चालवलं. (माझं नेहमी इथंच चुकतं.) दाढीच्या मशीननं गाठीवरचे केस काढले आणि ऑफिसच्या निळ्या मार्करनं भोवती छान गोल काढला. ढब्बूला गुदगुल्या झाल्या, तो हलला, शाई पसरली. म्हटलं, असू दे.

दुपारी आतून किंकाळी आली.

"अहो, धावा! ढब्बूला गाठ आलीय! सगळं काळंनिळं पडलंय हो!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण ती रडायलाच लागली. रडणाऱ्या बायकोसमोर मार्करचा विषय कसा काढायचा? मी गाडी काढली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीवरून स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा निळा झाला. त्यांनी बोळ्याकडं पाहिलं, मग माझ्या बोटांकडं. तीही निळीच होती.

"कधीपासून आहे?"

"सकाळपासून. म्हणजे... मला सकाळी लागली."

बायकोचं रडणं एकदम थांबलं. न थांबतं तर बरं झालं असतं.

बाईंनी सुईनं थेंबभर काढलं आणि तपासायला आत गेल्या. ढब्बू माझ्या बुटावर डोकं ठेवून पडला. ढब्बूशिवायचं घर डोळ्यांपुढं आलं. बायकोनं रागारागातच माझा हात घट्ट धरला.

"नुसती चरबी आहे," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "पण हे नुसतं दाबून आम्हालाही सांगता येत नाही. नवी गाठ दिसली की दाखवायची. भराभर वाढली, रक्त आलं, तर लगेच. चित्रकला नंतर."

पुढच्या रविवारी मी आंघोळ करून बाहेर आलो.

"पाठीवर हे काय?" बायकोनं विचारलं.

"ती गाठ होय? जुनी आहे. बघू की..."

"कधीपासून?"

"ढब्बू यायच्या आधीपासून."

तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. ढब्बू शेपूट हलवत दाराशी धावला.

"तू नाही रे राजा, तू घरी बस," ती त्याच्या गळ्यातला पट्टा सोडत म्हणाली. "आज यांना न्यायचंय. पट्टा तेवढा दे, यांचा काही भरवसा नाही."