रंगनाथमामांचा भागाकार

आमच्या शेजारचे रंगनाथमामा संध्याकाळी आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याला चहा विचारायच्या आधी दिवे घालवतात आणि त्याच्या डोळ्यापुढे फूटपट्टी धरतात. अंधारात बाहुली किती उघडते, ते मोजायला. वीजबिल वाटणारा माणूस आता त्यांचं बिल आमच्याकडेच टाकून जातो.

हे सगळं दुर्बिणीपायी. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मामांनी वीस पटीची दुर्बीण आणली. पट जास्त तेवढं बरं, असा त्यांचा समज. हसनाबादहून थोरली बहीण आली होती, अक्का. गच्चीवर अक्कांनी बराच वेळ ती डोळ्याला लावली आणि म्हणाल्या, "रंगा, अंधार जवळ आणून दावतो का रं मला?"

ते मामांना लागलं. महिनाभर वही घेऊन बसले. मग मी कपडे वाळत घालत असताना कुंपणाशी आले.

"ताई, समोरची काच पन्नास मिलिमीटर, पट वीस. भागा."

"अडीच."

"बराबर. डोळ्यात अडीच मिलिमीटरच उजेड जाऊन राह्यला. चित्र मोठं, पण मंद."

"मग सात पटीची घ्या."

"पन्नासाला सातानं भागलं की सात मिलिमीटर येतात. पण म्हातारी बाहुली पाचाच्या वर उघडत न्हाई. बाकी उजेड बाहेर सांडतो. म्हणून तर अक्काच्या वयाचं माणूस दिसलं की मोजतो. ती मोजू देत न्हाई."

"एवढा आटापिटा कशाला, मामा?"

मामा वही मिटून म्हणाले, "आम्ही मेंढरं घेऊन रानात राहायचो. बाप कृत्तिका मोजायला लावायचा. सात चांदण्या दिसल्या तरच नजर पक्की, तरच रातच्याला कळपाची राखण मिळायची. मला सहाच दिसायच्या. अक्का मागून हळूच सांगायची, सात म्हण. आता तिला एकबी दिसत न्हाई."

यंदा थंडीत अक्का आल्या. नवी दुर्बीण दहा पटीची, काच तेवढीच पन्नासची; भागाकार बरोबर पाच. दुर्बीण हलू नये म्हणून मामांनी त्यांना बाजेवर निजवलं, कोपराखाली उशा दिल्या. बायपासच्या दिव्यांनी निम्मं आभाळ पुसलंय, पण माथ्यावरचं शाबूत आहे. मी चहा घेऊन गच्चीवर गेले, तेव्हा अक्का कृत्तिका मोजत होत्या. सातावर थांबल्या नाहीत. अकरा, बारा.

"लई हैत रं, रंगा. मोजता येईना."

मामांनी पट्टी खिशात घातली.

"मोजू नको," ते म्हणाले. "नुसतं बघ."