मिस्टर गेन्स दुसऱ्या मजल्यावर

नर्स टेटबाईनं सकाळी "मिस्टर गेन्स" म्हणून हाक मारली, आणि लेम्युएल गेन्सची खात्री पटली, की आपण आता वाचत नाही.

हर्नियाचं ऑपरेशन होऊन तो इस्पितळाच्या तळघरात, काळ्यांच्या वॉर्डात, बॉयलरला पाठ लावून पडला होता. साठी उलटलेला सुतार, चर्चमध्ये मान असलेला. पण तिथं सगळे त्याला "ए लेम" म्हणत. जॉर्जियातल्या त्या गावात गोरी बाई काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणते, म्हणजे एक तर बाईचं डोकं फिरलेलं, नाहीतर माणूस जायला निघालेला. टेटबाईचं डोकं तर ठणठणीत होतं.

"तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर हलवायचंय," ती गोड हसून म्हणाली. लेम्युएलच्या मनात पाल चुकचुकली. मला झालंय तरी काय, असं त्यानं विचारलं, तर बाई म्हणाली, काहीसुद्धा नाही. मरणाऱ्याला तरी दुसरं काय सांगतात?

वरच्या खोलीत खिडकी होती, पंखा होता, आणि शेजारच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेला क्राउडर नावाचा गोरा दुकानदार होता. त्यानं लेम्युएलला पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"तुला डॉक्टर काय म्हणाले?" त्यानं हळूच विचारलं.

"काहीच नाही."

"मलाही नाही. आणि तरी तुला माझ्या खोलीत टाकलं. म्हणजे माझीही आशा सोडली यांनी." क्राउडरनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी पीचचं आइस्क्रीम आलं. लेम्युएलनं ते चारही बाजूंनी न्याहाळलं, आणि मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून संपवलं. तेवढ्यात बायको ओझेला आली, ती पदोपदी डोळे पुसतच.

"अहो, मला पुढच्या दारानं आत सोडलं. वर एका गोऱ्यानं दार धरलं माझ्यासाठी. खरं सांगा, किती दिवस दिलेत तुम्हाला?"

लेम्युएलनं करवती-रंधे जावयाला देऊन टाकले. ओझेला चर्चच्या बायकांना घेऊन आली. सगळ्यांनी खाटेभोवती उभं राहून खालच्या आवाजात भजन धरलं. पहिलं संपल्यावर क्राउडर रडवेल्या आवाजात म्हणाला, एक माझ्यासाठीही म्हणा.

त्याच वेळी टाय लावलेला एक किडकिडीत साहेब आत आला. मागे टेटबाई, हसू चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं.

"साधी पाइनची शवपेटी चालेल मला," लेम्युएल त्याला म्हणाला.

साहेब गोंधळला. तो पेटीवाला नव्हता, वॉशिंग्टनहून आला होता. जॉन्सन अध्यक्षांच्या नव्या कायद्यानं म्हाताऱ्यांच्या उपचाराचा खर्च आता सरकार देणार होतं. पण काळे-गोरे वेगळे ठेवणाऱ्या इस्पितळाला एक छदाम मिळणार नव्हता. तेच तपासायला तो आला होता.

आपण मरत नाही, हे कळून लेम्युएलला केवढं हायसं वाटलं! आणि पाठोपाठ अशी तिडीक उठली, की टाके ताणले. म्हणजे साहेबाची पाठ वळली, की आपण पुन्हा बॉयलरपाशी.

"तुम्हाला नेहमी इथंच ठेवतात?" साहेबानं विचारलं.

टेटबाईचं हसू कोपऱ्यांतून सुटायला लागलं. खरं बोलावं, तर टाके अजून याच लोकांच्या हातून काढायचे होते. खोटं बोलावं, तर तळघर जन्मभर तसंच. ओझेलानं त्याचा हात घट्ट धरला.

"नाही साहेब," लेम्युएल म्हणाला. "आजच सुरुवात केलीय यांनी. मला आधी आणलं. तळघरातले बाकीचे आता येतीलच. या बायका मदतीलाच आल्यात. तुम्ही बसा ना निवांत, सगळे येईपर्यंत."

साहेबानं टेटबाईकडे पाहिलं. टेटबाईनं मान डोलावली.

साहेब खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळानं जिन्यावरून पहिलं स्ट्रेचर वर आलं. त्याचं पुढचं टोक ओझेलाच्या मैत्रिणींनी धरलं होतं, आणि मागचं, घामाघूम होऊन, टेटबाईनं.