आधी हात, मग आप्पा

सोपानआप्पा कुठंही बसायच्या आधी त्या जागेवर तळहात ठेवतात. खुर्ची असो, पार असो, ओटा असो, आधी हात. अनोळखी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, हळू, बाजूला उभं राहून. मग खुर्चीलाच विचारतात, "मारत न्हाईस ना?" खुर्ची काही बोलत नाही. आप्पा थोडा वेळ वाट बघतात आणि म्हणतात, "उभ्यानंच बरं हाय."

आप्पा आमचे शेजारी. यवतहून राहूकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची वस्ती आहे, तिथं त्यांचं आणि आमचं अंगण एकच. त्यांचा जन्म ट्रॅक्टरवर गेला. तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना पाय निसटला आणि आप्पा थेट बुडावर आपटले. तेव्हापासून माकडहाड दुखतं. हे दुखणं असं की माणूस चालतो, ओझं उचलतो, कुशीवर झोपतो, फक्त बसता येत नाही. बसलंच तर उठताना डोळ्यांपुढं काजवे. हात मोडला तर लोक विचारायला येतात. इथं विचारायची चोरी, आणि दाखवायची तर सोयच नाही.

त्यामुळं आप्पांची भलतीच कीर्ती झाली. लग्नात ते पंगतीला बसत नाहीत, बुंदीची बादली घेऊन वाढत फिरतात. लोक म्हणतात, "ह्या वयात काय सेवाभाव!" एकदा शिरूरला जाताना एसटी निम्मी रिकामी, तरी आप्पा दांडीला धरून उभे. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बसा की, एवढ्या शिटा मोकळ्या हायेत." आप्पा म्हणाले, "तू बस बाबा. मी फाडतो तिकिटं."

शिरूरला जायचं कारण एक काळं तेल. तिथल्या बाजारात एक जण ते विकायचा. तेलानं आप्पांची तीन धोतरं गेली. मग राहूच्या बाजूला एक चोळणारे म्हातारबाबा सापडले. त्यांनी माकडहाडाला टाच लावली तेव्हा आप्पांनी असा आवाज काढला की दारातली शेळी दावं तोडून पळाली. शेळी संध्याकाळी सापडली, गुण काही सापडला नाही. एरंडाची पानं झाली, विटेचा शेक झाला. शेवटी सुनेनं जुन्या गादीचा तुकडा मागच्या बाजूनं कापून एक उशी शिवून दिली, हाड अधांतरी राहावं म्हणून. आप्पा ती गळ्यात अडकवून निघाले की पारावरचे विचारतात, "आप्पा, जू घालून कुणाच्या रानात?"

"तुझ्याच," आप्पा म्हणतात. "दुसरा बैल मिळंना, चल."

दुखणं ते असं चेष्टेवर नेत. पण कागदाला भीत. दवाखान्याचा कागद दिसला की त्यांचा चेहरा पुसल्यासारखा व्हायचा.

त्याचं कारण मला माहीत होतं, कारण त्यात मी होतो.

आमच्या घरात कॉलेज केलेला पहिला मी. हे मी सांगितल्याशिवाय राहत नाही आणि आप्पा मला दुसऱ्या नावानं हाक मारत नाहीत. "काय ग्रॅज्वेट!" वस्तीवरचा कुठलाही इंग्रजी कागद आधी माझ्याकडं येतो, मग तो विम्याचा असो की खताच्या पिशवीवरचा. डॉक्टरला विचारायचं लोकांच्या मनातही येत नाही. डॉक्टर घाईत असतो, मी अंगणात असतो.

अकरा वर्षांपूर्वी शेवंताकाकूंची, म्हणजे आप्पांच्या मंडळींची, कंबर दुखत होती. पुण्यात तपासण्या झाल्या, पाकीट आलं, ते माझ्या हातात दिलं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. काकू बाजेवर बसून सुपात तूर निवडत होत्या, सगळी वस्ती भोवती. मी उभा राहून मोठ्यानं वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, ओळीनं. एका ओळीत तो शब्द आला. त्याचंही मराठी मी त्याच झोकात करून टाकलं. पुढची ओळ वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की सूप थांबलंय.

काकू पुढं सात महिने होत्या.

त्यानंतर आप्पांनी माझ्याकडं एकही कागद आणला नाही. बँकेचं साधं पत्र आलं तरी ते यवतला मेडिकलवाल्याकडून वाचून आणत. मी पदवीचे पेढे दिले, त्यांनी घेतले, पाठीवर हात ठेवला. कागद नाही. मी समजून गेलो. माफ केलेलं नाही. विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

यंदा दिवाळीनंतर दौंडच्या हाडाच्या डॉक्टरांनी त्यांचा एमआरआय करायला लावला. रिपोर्ट आला. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर गावाला गेलाय."

महिन्यानं विचारलं. "गावालाच हाय."

"सासुरवाडीला गेलाय का?"

"लांब हाय त्याची सासुरवाडी," आप्पा म्हणाले आणि गोठ्यात गेले.

मग मला काही गोष्टी दिसायला लागल्या. आप्पांनी सुनेला गाईच्या खोडी समजावून सांगितल्या, कुठली कुठल्या बाजूनं लाथ मारते. मुलाला बांधाबांधानं नेऊन पाइपलाइनचे जोड कुठं पुरलेत ते दाखवलं. एका सकाळी आपला पान्यांचा डबा मला देऊन टाकला. अकाउंट्सच्या माणसाला पान्यांचा डबा कशाला? मी तो घेतला, पण उघडला नाही.

पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या कामानं दौंडला गेलो. दवाखान्यापुढून मुद्दाम गेलो. रांग जिन्यापर्यंत. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर? दिवाळीपासून एक सुट्टी न्हाई."

परत आलो तो सरळ आप्पांसमोर. "पाकीट कुठंय?"

बसायचं नव्हतं तरी आप्पांनी बाजेवर हात ठेवला. त्याच बाजेवर. "कपाटात. फोडलं न्हाई."

"का?"

"तिचंबी कंबरंपासनंच सुरू झालं हुतं."

तीन वर्षांच्या सगळ्या चेष्टा मला एकदम आठवल्या आणि एकीचंही हसू आलं नाही. मी म्हणालो, "आणा इकडं."

"तुला न्हाई देणार."

ते इतक्या लगेच आलं की मी खाली बघितलं. "नका देऊ," मी म्हणालो. "डॉक्टरांना द्या. मी फक्त सोबत येतो."

यवतहून सकाळच्या डेमू गाडीनं निघालो. जागा होती, पण ते उभे म्हणून मीही उभा. पाकीट त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवलं होतं आणि वरून हात. कडेठाण गेलं, पाटस गेलं, हात तिथंच. दवाखान्यात नंबर आला. मी उठलो, तर म्हणाले, "तू भाईरच थांब."

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. "आप्पा, अजून राग आहे का?"

"कसला?"

"काकूंचा कागद मी तसा वाचला त्याचा."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. "राग? आरं, तिला जे हुतं ते हुतंच. तू वाचलंस म्हणून आलं का? मी त्या दिवशी तिच्याकडं बघितलं आन् मग तुझ्याकडं बघितलं. तुझं तोंड बघवंना. तवाच म्हनलं, ह्या पोराला परत आपला कागद वाचाय लावायचा न्हाई."

आणि आत गेले. दार लागलं.

मी बाकड्यावर बसलो. आतून पाकीट फाटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. समोरच्या भिंतीवर हाडांचा सापळा टांगलेला होता. मी त्याचे माकडहाडापर्यंतचे मणके मोजले, विसरलो, परत मोजले.

आप्पा बाहेर आले. माझ्या शेजारी बाकड्यावर तळहात ठेवला आणि बसले. उशी गळ्यातच.

"जुनं मोडल्यालं हाय," ते म्हणाले. "वाकडं जुळलंय. गाठबिठ काय न्हाई. व्यायाम दिल्यात. गुण न्हाई आला तर पुढच्या महिन्यात हाडापाशी सुई टोचायची म्हंतो. त्या सुईची भीती आता निवांत धरू."

आप्पांनी सदऱ्यातून कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि माझ्या हातात दिला.

"घे, ग्रॅज्वेट. वाच. मोठ्यानं."

रांगेतले सगळे बघत होते. मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, ओळीनं. शेवटच्या ओळीपर्यंत आप्पा बसून होते.