सरांच्या राऊटरमागचं बटण

पुंडलिकनगरातलं खालचं घर भाड्यानं देताना कचरू सरांनी गोकुळला एकच अट घातली होती. वरच्या हॉलमधल्या राऊटरला हात लावायचा नाही. वायफाय खुशाल वापरा, पण पासवर्ड विचारायचा नाही. तो सर स्वतः मोबाइलमध्ये टाकून देत, आणि टाकताना समोरच्याला भिंतीकडं तोंड करायला लावत. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, त्यांना कोण बोलणार? आधीच्या भाडेकरूनं त्या डब्याला नुसता हात लावला, तर आठवड्यात त्याला घर सोडावं लागलं होतं.

आता बिडकीनच्या कंपनीनं गोकुळला इंटरनेटवर चालणारा रेडिओ बक्षीस दिला. बायको निशा माहेरी गेलेली, सातवा महिना लागलेला. ती परत येईल तेव्हा घरात गाणी लागलेली असावीत, एवढीच त्याची हौस. पण पासवर्ड कोण देणार? पुस्तिकेत दुसरा मार्ग होता: राऊटरमागचं बटण दाबा, रेडिओ आपोआप जोडला जाईल. आणि सर काकूंना घेऊन साखरपुड्यासाठी वैजापूरला गेलेले. झाडांना पाणी घालायला किल्ली गोकुळकडंच होती.

रेडिओ हातात धरून, देवाचं नाव घेत तो वर गेला. बटण दिसलं नाही, एक बारीक भोक दिसलं. त्यात त्यानं टाचणी खुपसली आणि चांगली दाबून धरली. राऊटरचे सगळे दिवे गेले. त्याच्याबरोबर गोकुळच्या तोंडचं पाणीही पळालं.

तेवढ्यात फोन वाजला. कचरू सर!

"गोकुळ, गेटवरचा कॅमेरा बंद पडला बघ! कुठं हायस तू?"

"खाली, सर. घरी." खोटं तोंडातून निघूनही गेलं.

"मग वर जाऊ नको! चोरानं वर घुसून वायर कापली असंल. मालनबाईला फोन केलाय मी, ती बाहेरून कडी घालायलीय."

कडी वाजलीच. शेजारच्या मालनबाई लाटणं घेऊन दाराबाहेर उभ्या होत्या आणि जिन्यावर गल्ली जमत होती. चोर म्हणून मार खाऊ, की भाडेकरू म्हणून बाहेर पडू? सातव्या महिन्यातल्या बायकोला घेऊन घरं शोधत कुठं फिरायचं?

इतक्यात हातातला रेडिओ खणखणीत आवाजात बोलला, "प्लीज वेट!"

"अगं बया, टोळीत बाई बी हाय!" मालनबाई किंचाळल्या. "इंग्रजी बोलायलीय!"

"कनेक्शन फेल्ड," रेडिओ म्हणाला. "ट्राय अगेन."

"परत कायतरी करायलेत! काठ्या आणा रे, लई जण हायेत आत!"

जिना धडाधड रिकामा झाला. गोकुळनं रेडिओ तिथंच टेबलावर टाकला, स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि लोखंडी जिन्यानं तो बोळात उतरला. वळसा घालून पुढं आला, तेव्हा अंगाला घाम सुटला होता आणि तोंड लालबुंद झालं होतं.

"बघा, कसा चिडलाय पोरगा!" मालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी लाटणं त्याच्या हातात दिलं. "जा बाबा, तूच पुढं हो."

गोकुळ पुढं झाला. पटकन रेडिओ शर्टाखाली घालायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पण मालनबाई त्याच्या पाठीला चिकटूनच आत आल्या.

"मागचं दार उघडं! पळाले मुडदे! आन् हे काय टाकून गेले?"

त्यांनी टेबलावरचा रेडिओ उचलला.

संध्याकाळी सर परतले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी गोकुळला सगळ्यांसमोर पोटाशी धरलं. "तुझ्यासारखा भाडेकरू मिळायला नशीब लागतं. आता पाहिजे तितकी वर्षं ऱ्हा." गोकुळच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि रेडिओ काखेत घेऊन ते वर गेले. चोर काही तो परत मागायला येणार नव्हते.

काही दिवसांनी निशा माहेराहून आली. वरून जुनी गाणी झिरपत होती. ती खुर्चीत टेकली, डोळे मिटून ऐकत राहिली, आणि मग नवऱ्याकडं वळली.

"बघा, ह्या वयात सरांनी काकूंसाठी कसला रेडिओ आणलाय. तुम्हाला सुचतं का कधी असलं काही?"

"नाय सुचत," गोकुळ म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.