गाजरांचा वाफा आणि दोन दुर्बिणी

श्रोते हो, चित्त सावध करावे. मौजे रॅनफर्ली, प्रांत ओटागो, येथील राजमान्य अ‍ॅलिस्टर गिलख्रिस्ट यांनी सशाची मोहीम कैसी मारली, ते यथामती लिहितो; पदरचे तिखटमीठ किंचित पडेल, त्याची माफी असावी.

तर ऐसे जाहले की, मार्चात भाजीपाल्याचे प्रदर्शन, आणि गाजरांचा मान दरसाल रस्त्यापलीकडील व्हर्ना नेई, ती खाशांच्या कबिल्याची, नोएलीनबाईंची, सख्खी बहीण. म्हणोन बाईंनी औंदा गाजरे लेकरांपरी वाढविली, आणि गनीम ससा, अर्धा कान तुटका, नित्य तिन्हीसांजेस कुंपणाखालोन येऊन वाफा उद्ध्वस्त करी. मग फर्मान सुटले: “प्रदर्शनाआधी एक तर तो ससा जाईल, नाहीतर ती बंदूक. नुसता शेडमध्ये बसून तिला तेल पाजतोस!”

बंदूक स्प्रिंगची, छऱ्याची. तीवर दुर्बीण स्वस्तातली, बाईंनी नाताळास नजर केलेली. व्हर्नाचे यजमान, साडू रॉस किनरेड, हरणांचे नामांकित शिकारी, बियर घेऊन मसलतीस आले आणि दुर्बिणीस डोळा लावोन वदले, “हे काय रे, बरणीचं बूड? माझ्यासारखी भारी घे. हरणाच्या बंदुकीचा दणका सोसते ती, तुझं खेळणं काय चीज आहे!” खाशांची मती फिरली. नाताळची नजर उतरोन खिळ्यांच्या डब्यात पडली, ते बाईंनी पाहिले. त्या दिवशी चहासोबत बिस्किट आले नाही.

मग भारी दुर्बीण डौलाने बंदुकीवर आरूढ जाहली, आणि तीतून सशाच्या मिशा मोजून घ्याव्या ऐसा लखलखाट. परंतु स्प्रिंगच्या बंदुकीची खोड ऐसी की, ती आधी मागे लाथ मारिते आणि लगोलग पुढेही हिसका देते. हरणाच्या बंदुकीची दुर्बीण मागचा दणका जाणे, पुढचा हिसका तीस ठाऊक नाही. सरावाचे छर्रे उडता उडता आतील नेमाची फुली कलंडली, नेम बादलीवर गेला, आणि ससा गाजर चावीत उभा राहिला.

“सगळ्यात लांब गाजर होतं रे ते,” बाई म्हणाल्या आणि डोळ्यांस पदरासारखा एप्रन लाविला. खासे शरमेने पाणी पाणी जाहले. मग बाई वदल्या, “मी दुकानात विचारलं होतं. स्प्रिंगची आहे म्हटल्यावर त्यांनीच ती नाताळची दुर्बीण काढून दिली. पण तू साडूचं ऐकणार!”

खाशांनी मुकाट्याने डबा उपडा केला, जुनी दुर्बीण चढविली, घट्ट आवळली, आणि सांजेस कपड्यांच्या दोरीखाली चिखलात पालथे पडोन राहिले. नजर धूसर, परंतु फुली जागची हलेना. छर्रा सुटला आणि गनीम जागीच पडला. रात्री त्याचा रस्सा उत्तम जाहला.

भारी दुर्बिणीची फुली मोडली तरी काच साफ, सबब ती स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली. दुसरे सांजेस बाईंनी तीतून रस्त्यापलीकडे पाहिले.

“अगं बाई! व्हर्नाच्या वाफ्यात दुसरा ससा शिरलाय.”

खासे शूर, तत्काळ बंदुकीस हात घालोन उठले.

“बस खाली,” बाईंचा हुकूम जाहला. “चहा घे.”

आणि चहासोबत बिस्किटे आली, चॉकलेटवाली. ऐसी ही फत्ते जाहली, ती दफ्तरी रुजू केली असे.