नवशिक्या गटातला दुसरा नंबर

चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने चाळिशी उलटल्यावर शर्यतीची सायकल घेतली आणि रीतसर नवशिक्या गटात भाग घेतला. घट्ट चड्डी घालून तो आरशासमोर उभा राहिला, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आधी खिडकी लावून घ्या."

त्याचा मेहुणा याच गटातला. नवशिकेपणाचा त्याला दांडगा अनुभव होता. लग्नाआधीपासून तो नवशिकाच होता. बाकीचेही तसेच, दाढ्या पिकलेले आणि पोटऱ्या दगड झालेले.

"दाजी, पहिलं तेवढं यायचं नाही," मेहुण्याने बजावलं.

"आं? मग शर्यत कशाला?"

"पहिल्याला समिती वरच्या गटात ढकलते. तिथे माणसं नसतात, इंजिनं असतात. बक्षीस दुसऱ्यालाही मिळतं. शहाणा माणूस दुसरा येतो."

रविवारी बंद कारखान्यांभोवती शर्यतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. चष्मेवाला जीव मुठीत धरून घोळक्याच्या शेपटाला लटकला. प्रत्येक वळणावर त्याने देवाचा धावा केला आणि मेहुण्याचा उद्धार. शेवटच्या फेरीत मात्र नवल घडलं. अंतिम रेघ दिसताच सगळे मंदावले, मग थांबलेच.

"तुम्ही व्हा पुढे."

"छे छे, तुमचा मान!"

रेघेच्या हातभर अलीकडे सगळे नवशिके सायकलवर तोल सांभाळत डुलत राहिले.

असं जागच्या जागी डुलायला वर्षानुवर्षांची साधना लागते. चष्मेवाल्याचे तर बूट पेडलमध्ये अडकवलेले. थांबला असता तर आडवाच झाला असता. "सरका! सरका!" असं ओरडत तो फटीतून निसटला आणि पहिला आला.

त्याच क्षणी दुसरा क्रमांक मोकळा झाला. सगळे एकदम उसळले, चाकात चाक अडकलं, आणि ढिगाच्या तळाशी मेहुण्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

समितीने तिथल्या तिथे चौकशी बसवली.

"शर्यत सुरळीत थांबलेली असताना आपण पुढे का गेलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला थांबता येत नाही, साहेब. मी खराखुरा नवशिका आहे."

"पहिला आलेला नवशिका नसतो. अपघातास आपण जबाबदार आहात. सबब आपल्याला सक्त ताकीद देण्यात येते. आणि बढतीही."

"मला खालीच राहू द्या हो!"

"प्रगती मागे घेण्याची तरतूद नाही."

घरी बायको भावाला चमच्याने भरवत होती. "माझ्या भावाच्या पुढे जायची एवढी कसली घाई झाली होती?" तिने विचारलं.

पुढच्या रविवारी वरच्या गटातली इंजिनं त्याला पुन्हा पुन्हा ओलांडून गेली. शेवटी रस्त्यावर तो एकटाच उरला. मांड्या पेटल्या होत्या. पण पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. त्याला पहिल्यांदाच मजा वाटू लागली.

"अहो, कोपरं आत! श्वास चुकतोय तुमचा!" कडेला खुर्च्या टाकून बसलेली मंडळी ओरडली.

तो त्यांच्यापाशी थांबायला गेला आणि सायकलसकट आडवा झाला. पडल्यापडल्याच त्याने अदबीने विचारलं, "आपण कुठल्या गटात?"

"आम्ही? आम्हाला सायकल येत नाही," एक गृहस्थ खुर्ची न सोडता म्हणाले. "आम्ही जाणकार. तुमची पडण्याची पद्धतही चुकली बरं का."

चष्मेवाला धूळ झटकून पुन्हा निघाला. मागे मोठा हशा पिकला. हसणाऱ्यांत, वाचकहो, तुम्हीही होतात, असं तो सांगतो. तुमची खुर्ची चांगली आरामाची होती म्हणे.